सक्तीच्या साइड क्वेस्ट : कथा कुठे थांबवावी, कुठे थांबवू नये

वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरत होती. रोल-प्लेइंग गेमचे एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेला भाग, खेळताना मुख्य कथा ऐन रंगात येते आणि नेमकी तेव्हाच ती अडवून धरली जाते; आधी अमुक इतक्या साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची छोटी कामे) पूर्ण करा, मग पुढचे दार उघडेल, असे सांगितले जाते. पत्रलेखकांनी हा विषय मनापासून मांडला आहे, म्हणून संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी रेल्वेत पाळीने काम करतो, त्यामुळे खेळायला मोजकाच वेळ मिळतो. ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’ संपवून मी त्याचे एक्सपान्शन ‘तोर्ना : द गोल्डन कंट्री’ घेतले. सुरुवात फार आवडली; पण पुढे दोन ठिकाणी गेमने मला थांबवले आणि ‘कम्युनिटी’ची पातळी वाढवल्याशिवाय कथा पुढे सरकणार नाही असे सांगितले. दुसऱ्या वेळी तर शेवट अगदी जवळ आला होता. छोटा खेळ मोठा दिसावा म्हणून केलेली ही भर आहे, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : दुसऱ्या अडवणुकीबद्दलची तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे; पहिलीबद्दलची मान्य नाही. हा फरक मी का करतो, ते जरा सविस्तर सांगतो.

‘तोर्ना’ सप्टेंबर २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आले. त्याची कथा मूळ गेमच्या ५०० वर्षे आधी घडते, आणि तोर्ना हा देश पुढे नाहीसा झाला, एवढे मूळ गेम खेळलेल्या माणसाला ठाऊकच असते. ज्या कथेचा शेवट आधी माहीत आहे, तिला ‘आता पुढे काय’ या उत्सुकतेवर फार काळ तग धरता येत नाही. जे जाणार आहे ते काय होते, तिथे कोण राहत होते, त्यांची भांडणे कशावरून होत आणि त्यांच्या घरात काय शिजत असे, हे कळल्याखेरीज असा शेवट खेळाडूच्या मनाला लागत नाही. मोनोलिथ सॉफ्ट या स्टुडिओने कम्युनिटीची योजना यासाठीच केली असावी. ज्याला तुम्ही मदत करता तो माणूस तुमच्या कम्युनिटीत सामील होतो, त्याचा चेहरा तक्त्यात दिसू लागतो, आणि अशी माणसे वाढत गेली की पातळी वाढते. लोरा, जिन, अ‍ॅडम आणि त्यांचे सोबती ज्या भूमीसाठी लढतात, ती या चेहऱ्यांमुळे नांदती भूमी वाटते. या साइड क्वेस्ट सर्वस्वी ऐच्छिक ठेवल्या असत्या, तर घाईने खेळणाऱ्या अनेकांनी अनोळखी लोकांच्या देशाचा अंत पाहिला असता आणि त्यांना त्याचे फारसे काही वाटले नसते. पहिली अडवणूक येते तेव्हा जमवाजमवच चालू असते, कोणालाही कुठे तातडीने पोहोचायचे नसते, आणि गावोगाव फिरून माणसे जोडणे हेच त्या टप्प्यावर कथेचे काम असते. म्हणून ती मला योग्य वाटते.

दुसरी मात्र चुकीच्या जागी आहे. तोवर मालोस या खलनायकाचे संकट दाराशी आलेले असते आणि पात्रे स्वतःच्या तोंडाने घाई करत असतात. अशा वेळी खेळाडूला मागे पाठवून कोणासाठी तरी साहित्य गोळा करायला लावले, की पात्रांच्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो. पुढे कोणी ‘आता क्षणाचाही उशीर नको’ म्हणाले तरी तो ते मनावर घेत नाही, आणि शेवटच्या लढाईआधी ही फार मोठी किंमत आहे. त्यातच ही अट माणसांच्या संख्येची आहे. संख्या भरायची म्हटली की खेळाडू सर्वांत सोप्या क्वेस्ट शोधतो, संवाद भराभर पुढे ढकलतो, आणि ज्या ओळखीसाठी एवढी योजना केली ती ओळखच होत नाही. पाळी संपवून थकून आलेल्या माणसाला हे अधिक जाचते, यात नवल नाही.

एक्सपान्शनमध्ये असा खोळंबा जास्त का बोचतो, याचेही उत्तर द्यायला हवे. शंभर तासांच्या मूळ गेममध्ये पाच तास वाया गेले तरी आपण ते विसरतो; वीस तासांच्या एक्सपान्शनमध्ये तेच पाच तास चौथा हिस्सा खाऊन टाकतात. शिवाय मूळ गेमच्या आरंभीच्या साइड क्वेस्ट खेळाडूला काहीतरी शिकवत असतात : लढण्याची रीत, नकाशाची ओळख, वस्तू तयार करण्याच्या पद्धती. एक्सपान्शन घेणाऱ्याला हे सगळे येत असते, त्यामुळे तिथल्या साइड क्वेस्टला शिकवणीचे निमित्त उरत नाही आणि तिला केवळ कथेच्या बळावर उभे राहावे लागते.

सक्ती असूनही ती जाचू नये, याचा माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला नमुना म्हणजे ‘द विचर ३’चे ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेले ‘हार्ट्स ऑफ स्टोन’. त्यात नायक गेराल्टला ओल्गिएर्ड या सरदाराच्या तीन इच्छा पूर्ण कराव्या लागतात. त्यांतली एक अशी की, ओल्गिएर्डचा भाऊ व्लोदिमिर याला एक रात्र मनसोक्त मौज करू द्यायची. हा भाऊ कधीचाच मेलेला आहे. म्हणून त्याचा आत्मा गेराल्टच्या शरीरात शिरतो आणि एका लग्नाला जातो. तिथे डुकरे हाकलणे, तळ्यात बुडी मारून बूट शोधणे, नाचणे असे जत्रेतले खेळ चालतात. घटनाक्रमाच्या हिशेबाने पाहिले तर मुख्य कथा त्या रात्री जागची हलत नाही, आणि ती रात्र टाळताही येत नाही. तरी ती खेळाडूंच्या कायमची लक्षात राहते, कारण मेलेल्या माणसाची जगण्याची भूक तिथे दिसते, आणि जिवंत असूनही आतून गोठून गेलेल्या ओल्गिएर्डबद्दल आपल्याला त्याच्या गैरहजेरीत काहीतरी कळते. दुसऱ्या इच्छेसाठी दरोडा घालायचा असतो. त्याआधी दोन साथीदार जमवावे लागतात, पण दोघांच्याही जागी दोन-दोन उमेदवार आहेत आणि निवड आपली असते. माझ्या मते थांबा सक्तीचा असला तरी हरकत नाही. त्या थांब्यात पात्रांबद्दलची आपली समज पुढे सरकली पाहिजे.

‘तोर्ना’ अजून अर्धवट असेल किंवा पुन्हा खेळणार असाल, तर एक करा. नवीन वस्तीत पोहोचलात की मुख्य कथेआधी तिथल्या माणसांशी बोला आणि वाटेत येणाऱ्या क्वेस्ट त्या त्या वेळीच उरका. मग अट येईल तेव्हा पातळी आधीच भरलेली असते आणि शेवटाकडची वाट मोकळी मिळते.

प्रश्न : दिवसभर दुकान असते, रात्री दीड-दोन तास ‘फायनल फँटसी १४’ हा ऑनलाइन गेम खेळतो. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो की ‘शॅडोब्रिंगर्स’ या एक्सपान्शनपर्यंत पोहोच, खरी गोष्ट तिथे आहे. पण तिथवर जायला शेकडो क्वेस्ट आहेत, आणि ‘क्रिस्टल टॉवर’ ही पूर्वी ऐच्छिक असलेली मालिकाही आता सक्तीची केली आहे. हे का केले असावे, आणि ते टाळता येईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : मुख्य कथेच्या वाटेने चालायचे तर ते टाळता येत नाही, आणि माझ्या मते टाळूही नये. यामागची हकिगत सांगण्यासारखी आहे.

‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावाने हा गेम ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने सुरू झाला आणि त्याचे पहिले एक्सपान्शन ‘हेवन्सवर्ड’ जून २०१५ मध्ये आले. मधल्या काळात लेखकांनी दर काही महिन्यांनी थोड्या थोड्या क्वेस्ट जोडल्या. त्या वेळी खेळणाऱ्यांना त्या हप्त्याहप्त्याने मिळाल्या, त्यामुळे त्यांचा भार वाटला नाही. नंतर आलेल्या खेळाडूला मात्र ते सगळे हप्ते एकापाठोपाठ एक खेळावे लागले. इकडचा निरोप तिकडे पोहोचवा, परत या, पुन्हा जा, असा तो प्रवास होता आणि कितीतरी जणांनी एक्सपान्शनचे तोंड पाहण्याआधीच गेम सोडला. मासिकातली क्रमशः कादंबरी पुढे पुस्तकरूपाने काढताना लेखक जसा मधला मजकूर छाटतो, तशी छाटणी इथेही गरजेची होती.

ती ऑगस्ट २०२० मध्ये, ५.३ या पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) झाली. सुरुवातीच्या भागातल्या अनेक क्वेस्ट काढल्या गेल्या किंवा आखूड केल्या गेल्या, आणि त्याच प्रदेशांत उडत फिरण्याची सोयही दिली गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, क्रिस्टल टॉवरची मालिका सक्तीची झाली ती याच पॅचमध्ये. म्हणजे निर्मात्यांनी एका हाताने जादा भार कमी केला आणि दुसऱ्या हाताने एक जुनी ऐच्छिक कथा वाटेत आणून ठेवली. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ‘शॅडोब्रिंगर्स’च्या कथेचे मूळ त्या मनोऱ्यातच आहे, हे त्याचे कारण. मालिका न खेळलेल्या माणसाला ‘शॅडोब्रिंगर्स’मधला सर्वांत मोठा उलगडा कोरडा वाटला असता. तो उलगडा इथे सांगून तुमचा आनंद घालवणार नाही, पण तिथे पोहोचाल तेव्हा ही सक्ती कशासाठी होती ते तुमचे तुम्हालाच कळेल. सक्तीचे इतके स्वच्छ समर्थन मला दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये आढळलेले नाही.

तुमच्या वेळेच्या हिशेबाने दोन सूचना करतो. एक, मुख्य कथेच्या डंजनसाठी (शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त मोहिमांसाठी) बऱ्याचशा ठिकाणी आता गेममधली पात्रेच साथीला घेता येतात, त्यामुळे रात्री उशिरा इतर खेळाडू जमण्याची वाट पाहावी लागत नाही. क्रिस्टल टॉवरच्या तिन्ही मोहिमांना मात्र २४ खेळाडू लागतात, म्हणून त्या सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा. दोन, मुख्य कथेव्यतिरिक्त नकाशावर दिसणाऱ्या साध्या साइड क्वेस्ट निर्धास्तपणे सोडा. एखादी नवी सोय उघडून देणाऱ्या क्वेस्टला निळे चिन्ह असते, तेवढ्या पाहा. झोप येत असताना संवाद पुढे ढकलला गेलाच, तर गेममधल्या खाणावळीच्या खोलीत झालेले प्रसंग पुन्हा पाहता येतात.

प्रश्न : ‘एल्डन रिंग’चे ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ विकत घेतले, पण ते सुरूच होत नाही. मित्र म्हणतो, आधी मूळ गेममधले दोन ऐच्छिक बॉस, म्हणजे मोठे शत्रू, हरवावे लागतात. पैसे भरल्यावर पुन्हा अशी अट का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : मित्राचे म्हणणे बरोबर आहे. राडान आणि मोग हे दोघे हरले पाहिजेत. मग मोगच्या जागेतल्या त्या कोशाबाहेर लोंबणाऱ्या हाताला स्पर्श केला की एक्सपान्शनमध्ये प्रवेश मिळतो. मोगकडे जायचे दोन मार्ग आहेत : वारे या पात्राची क्वेस्ट, किंवा शेवटाकडच्या हिमप्रदेशातून. वारेचा मार्ग लवकर उघडतो, तो धरा. जून २०२४ मध्ये आलेल्या या एक्सपान्शनची कथा मिकेला या पात्राच्या मागे जाण्याची आहे आणि दोन्ही बॉस त्या कथेशी बांधलेले आहेत, त्यामुळे अट अस्थानी नाही. मात्र अशी अट खरेदीच्या वेळी ठळकपणे समोर यायला हवी, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. आत गेल्यावर ‘स्कॅडुट्री फ्रॅगमेंट’ गोळा करत राहा. तिथे तुमचे बळ मूळ गेमच्या लेव्हलपेक्षा या तुकड्यांवर अधिक अवलंबून असते, आणि ते आडवाटांवर ठेवलेले आहेत. कोणी तुम्हाला अडवत नाही, पण न भटकता सरळ बॉसकडे गेलात तर पुन्हा पुन्हा मरून परत याल.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून अहिराणी संवादांचा एक छोटा रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत. पहिला भाग ओळखीच्यांनी खेळला आणि त्यांना तो आवडला. आता त्याचा जोडभाग लिहितो आहोत : खानदेशातल्या कानबाई या देवीच्या उत्सवासाठी एक मुलगी गावी परतते, भाऊबंदकीत जुने भांडण आहे, आणि विसर्जनाआधी तिला रोटासाठी (देवीच्या सामाईक नैवेद्यासाठी) सात घरे एकत्र आणायची आहेत. सातही घरांच्या साइड क्वेस्ट आम्ही सक्तीच्या ठेवल्या. खेळून पाहणाऱ्यांना तिसऱ्या घरापासून कंटाळा येऊ लागला. सक्ती काढून टाकावी का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : काढू नका. तुमच्या विषयात सक्तीला जे कारण आहे, ते मोठमोठ्या स्टुडिओंना ओढूनताणून आणावे लागते. रोट भाऊबंदांनी एकत्र येऊन करायचा असतो. एखादे घर रुसून बसले तर उत्सव अपुरा राहतो, हे आपल्याकडच्या खेळाडूला समजावून सांगावे लागणार नाही, आणि बाहेरच्याला एका संवादात सांगता येईल. चूक बहुधा सक्तीच्या रचनेत आहे.

आधी कशापासून दूर राहायचे ते पाहू. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये मुख्य मोहिमा उघडण्यासाठी ‘पॉवर’ नावाचे गुण लागतात, आणि ते छावण्या उभारणे, आकाशातल्या भेगा मिटवणे अशा किरकोळ कामांतून मिळतात. कोणतेही काम केले तरी गुण तेच, त्यामुळे कामाचा आणि कथेचा संबंध तुटतो. हिंटरलँड्स या पहिल्याच मोठ्या प्रदेशात खेळाडू इतके अडकून पडत की, तिथून लवकर बाहेर पडा, हा सल्ला ते एकमेकांना देऊ लागले. त्याच गेमचे सप्टेंबर २०१५ मधले अखेरचे एक्सपान्शन ‘ट्रेसपासर’ पाहा. त्यात पॉवर जमवण्याची भानगड नाही. नायकाच्या हातावरची खूण दिवसेंदिवस त्याच्या जिवावर उठते आहे, आणि ही घाई कथेच्या शेवटापर्यंत घाईच राहते. एकाच स्टुडिओने दहा महिन्यांत केलेली ही दुरुस्ती तुम्ही तिघांनी आवर्जून खेळून पाहावी असे मला वाटते.

तुमच्यासाठी त्याहून उपयोगाचा नमुना जुना आहे. २००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये बंदिवान मैत्रिणीच्या मागावर जाण्यासाठी नायकाकडे २०,००० सुवर्णमुद्रा मागितल्या जातात. रक्कम सक्तीची, पण ती कुठून आणायची हे खेळाडूच्या मर्जीवर. शहरात आणि आसपास इतकी कामे पसरलेली आहेत की दोन खेळाडूंची वाट सहसा सारखी नसते. शिवाय ती रक्कम सुटकेचाच खर्च असल्याने कामे करताना आपण मैत्रिणीला विसरलो असे वाटत नाही. तुम्हीही सातही घरांची सक्ती एकाच वेळी करू नका. स्थापनेआधी कोणतीही चार घरे राजी झाली की कथा पुढे जाऊ द्या. उरलेली तीन घरे उत्सवात दिसू द्यात : कोणाचे दार बंद, कोणाची सून लपून आलेली, कोणी लांबूनच मिरवणूक पाहतो आहे. दार अडवून खेळाडूला जे करायला लावता येत नाही, ते पंगतीतले असे रिकामे राहिलेले पान करायला लावते.

दुसरे, वेळेचा उपयोग करा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते, म्हणजे तुमच्या कथेला घड्याळ आपोआप मिळालेले आहे. घरोघर फिरायच्या सगळ्या क्वेस्ट रविवारच्या आधी ठेवा. रात्रीच्या जागरणात एकही निरोप्याचे काम नको. तिथे गाणी असू द्यात आणि आधी जोडलेली माणसे शेजारी बसलेली असू द्यात. एकदा मिरवणूक नदीकडे निघाली की काहीही अडवू नका. मध्ये उसंत हवीच असेल तर ती कथेने मागितलेली असावी. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’च्या ‘फँटम लिबर्टी’त रीड नावाचा गुप्तहेर ‘मी फोन करीन’ असे सांगून थांबायला लावतो. तो फोन येईपर्यंत खेळाडू इतर कामे करतो आणि त्यात त्याला काही खटकत नाही, कारण थांबायला पात्रानेच सांगितलेले असते. तुमच्याकडे रोटाचे दळण होईपर्यंतचा वेळ आहे. आजीने ‘दळण व्हईस्तोवर जरा फिरी ये’ म्हटले की मुलगी मोकळी, आणि खेळाडूही.

तिसऱ्या घरापासून कंटाळा येतो, यावरून मला शंका येते की सातही क्वेस्टची घडण एकच असावी : जा, ऐक, वस्तू आण, रुसवा गेला. एका घराला काहीच नको असू द्या, फक्त कोणीतरी येऊन बसावे एवढेच हवे असू द्या. एका घराची अट दुसऱ्या घराच्या अटीच्या आड येऊ द्या, म्हणजे कोणाला आधी राजी करायचे हा प्रश्न खेळाडूपुढे उभा राहील. एका घरात भांडणाची हकिगत इतरांनी सांगितली त्यापेक्षा वेगळी कळली, तर आधीची दोन घरेही नव्याने आठवतील.

आणि प्रत्येक क्वेस्टला ही परीक्षा लावा : ती काढून टाकली तर पुढचा एखादा संवाद बदलावा लागतो का? लागत असेल तर ती सक्तीची ठेवायला तुम्ही मोकळे आहात. एकही ओळ बदलावी लागत नसेल तर ती ऐच्छिक करा, कितीही मेहनतीने केलेली असली तरी. पुढच्या वेळी खेळून पाहणाऱ्यांना कंटाळा आला का, असे विचारू नका, कारण ओळखीची माणसे भिडेखातर नाही म्हणतात. खेळ संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा की कोणकोणत्या घरातली माणसे आठवतात, आणि जे घर कोणाच्याच लक्षात राहिले नाही तिथून पुनर्लेखनाला सुरुवात करा.